आठवड्याची पुडी

"मॅडम, यांना अनफिट लिहून द्या. त्यांचंही भलं आणि माझंही," स्टोअरचे सुपरवायझर शेट्ये म्हणाले. ज्यांच्याबद्दल ते बोलत होते ते जनार्दन मढवी त्यांच्या मागेच, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. राग नाही, लाज नाही. मला तेच खटकलं, कारण मढवी असे गप्प बसणारे गृहस्थ नव्हते.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत डॉक्टर आहे. माझ्या खोलीला ओएचसी म्हणतात, म्हणजे ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर. दोन खाटा, एक सिस्टर, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि दाराशी कायम कोणीतरी अ‍ॅसिडिटीची गोळी मागायला उभं. आजारी कामगाराला बरं करणं हे माझं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे तो करतो ते काम करायला तो फिट आहे की नाही, हे लिहून देणं. त्या एका शब्दावर माणसाची नोकरी टिकते किंवा जाते. म्हणून तो शब्द मी घाईत लिहीत नाही.

शेट्येंची तक्रार अशी होती की मढवी गेले काही आठवडे कामावर पेंगतात. सांगितलेलं विसरतात. सारखे बाथरूमला जातात. आणि आदल्या दिवशी तर त्यांनी प्रोडक्शनला भलताच ड्रम दिला. उघडण्याआधी तिथल्या ऑपरेटरने लेबल वाचलं म्हणून निभावलं. केमिकल कंपनीत चुकीचा ड्रम ही साधी चूक नसते. न जुळणारी दोन रसायनं एकत्र आली तर माणसं होरपळतात. शेट्ये घाबरले होते आणि त्यांचं घाबरणं बरोबर होतं. डिपार्टमेंटमध्ये कुजबुज होती की मढवी पितात. गेटवर फुंकायचं यंत्र आहे, त्यात काही आलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, वय झालं, डोकं चालत नाही आता.

मढवी छप्पन्न वर्षांचे. डोकं न चालण्याचं ते वय नव्हे.

मी शेट्येंना बाहेर बसायला सांगितलं आणि मढवींना खाटेवर घेतलं.

"काय होतंय तुम्हाला?"

"मला कायपन नाय होत, मॅडम. पानी जास्त लागतं, येवढंच."

बाकीचं एकेक प्रश्न विचारून काढावं लागलं. जेवणाचा वास नको वाटतो. मळमळतं. पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही. पँट सैल झाली आहे. जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. जीभ बघितली तर कोरडी. ब्लड प्रेशर त्यांच्या नेहमीच्या मानाने वर. आज वार कोणता, असं विचारलं तर बरोबर सांगितला, पण बराच वेळ घेऊन. तहान आणि लघवी हे दोन शब्द एकत्र ऐकले की डॉक्टरच्या मनात आधी डायबेटिस येतो. सिस्टरने बोटाला सुई टोचून साखर बघितली. नॉर्मल.

"औषधं कुठली चालू आहेत?" मी विचारलं.

"एक पन नाय."

सिस्टरने तसं लिहून घेतलं.

मढवींना कंपनीत सगळे ओळखत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, सुमनताईंच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. रक्तगट जुळला आणि मढवींनी आपली एक किडनी त्यांना दिली. आपल्याकडे हे उलटं जास्त दिसतं. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते. नवऱ्याने बायकोला दिली म्हटल्यावर तळवलीत, त्यांच्या गावात, काही दिवस तोच विषय होता. एका किडनीवर माणूस उत्तम जगतो. फक्त तिला जपावं लागतं. म्हणून कंपनीने त्यांना रिअ‍ॅक्टरवरून काढून स्टोअरमध्ये दिलं होतं.

तेव्हा माझ्यासमोर बसलेल्या माणसाची ती एकच किडनी होती, आणि तिच्यावर काहीतरी चालून आलं होतं. मी किडनीच्या तपासण्या लिहिल्या, शरीरातले क्षार लिहिले आणि त्यासोबत कॅल्शियम लिहिलं. साखर नॉर्मल असताना तहान, बद्धकोष्ठता आणि मंदावलेलं डोकं एकत्र दिसलं तर कॅल्शियम बघायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. बघण्याची वेळ मात्र क्वचित येते.

शेट्येंना सांगितलं, रिपोर्ट येईपर्यंत मी फिटही लिहिणार नाही आणि अनफिटही. आजारी रजा लिहिते. यांना घरी सोडायला कोणीतरी सोबत द्या. शेट्ये नाराज झाले, पण स्वतः रिक्षात बसून तळवलीपर्यंत सोडून आले.

त्याच दुपारी आमच्या एचआर हेड अनघा सबनीस माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात एक देखणा खोका होता. पावसाळ्याआधी दरवर्षी कंपनी हेल्थ वीक करते. आदल्या वर्षी फ्लूच्या लसीचा कॅम्प ठेवला होता, त्याला फारसं कोणी फिरकलं नव्हतं. यंदा अनघांना एका व्हेंडरने हा "इम्युनिटी किट" दाखवला होता. मल्टिव्हिटॅमिनची बाटली, झिंकच्या गोळ्या, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीच्या पुड्या. कॅम्प किंवा किट, दोन्हीपैकी एकच होणार होतं. निर्णयाच्या मीटिंगला माझं मत हवं होतं.

अनघा सरळ बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, "डॉक्टर, लस टोचून घ्यायला माणसं येत नाहीत. खोका सगळे घरी नेतात. बायको विचारते, काय आणलंत? कंपनीने तब्येतीसाठी दिलं. एवढ्याने माणूस खूश होतो."

त्यात खोटं काही नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की व्हिटॅमिन वाईट नसतं. ज्याच्या शरीरात कमी आहे त्याला ते द्यावंच लागतं. पण सगळ्यांना सरसकट वाटलं म्हणून सगळे आजारापासून वाचतील असं नाही. त्या म्हणाल्या, "नुकसान तर नाही ना?" मी म्हटलं, किटवर काय लिहिलंय ते नीट वाचून सांगते. खोका टेबलावर राहिला.

संध्याकाळी लॅबमधून फोन आला. एखादा आकडा धोक्याच्या पलीकडे असला तर लॅब रिपोर्ट पाठवून थांबत नाही, फोन करते. मढवींचं कॅल्शियम साडेदहाच्या आत असायला हवं ते चौदाच्या वर होतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती साफ करते आहे याचा अंदाज देणारा आकडा, त्यांच्या नेहमीच्या दुप्पट झाला होता.

मी त्यांच्या घरी फोन लावला. सुमनताईंनी उचलला. म्हणाल्या, आल्यापासून दोनदा ओकले, आता झोपलेत, हाक मारली तर हूं म्हणतात. मी म्हटलं, झोपू देऊ नका, उठवा आणि हॉस्पिटलला घेऊन या. सुमनताईंचं ऑपरेशन झालं त्याच नेरूळच्या हॉस्पिटलमध्ये त्यांचे किडनीचे डॉक्टर होते. त्यांना फोन करून मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डोनरला? पाठवा लगेच."

मढवींना त्या संध्याकाळीच अ‍ॅडमिट करून सलाइन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर मी हॉस्पिटलला गेले. किडनीच्या डॉक्टरांशी बोलले. कॅल्शियम इतकं चढण्याची कारणं मोजकीच असतात. गळ्यातल्या एका छोट्या ग्रंथीला गाठ होणं हे एक. कुठेतरी कॅन्सर असणं हे दुसरं, आणि वजन उतरलेल्या छप्पन्न वर्षांच्या माणसात ते आधी मनात येतं. तिसरं म्हणजे पोटात काहीतरी भलतं जाणं. ग्रंथीची तपासणी पाठवली होती, स्कॅनची तयारी चालली होती.

बाहेरच्या बाकावर सुमनताई मास्क लावून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. त्यांचं माहेर करावे गावचं. वडील खाडीत जाळं टाकायचे. कोणाच्याही नजरेला नजर देऊन बोलायची त्यांची सवय. माझ्यासाठी त्यांनी बाकावरची पिशवी बाजूला केली.

"मॅडम, खरं सांगा. माझ्यामुले झालं का?"

मी विचारलं, तुमच्यामुळे कसं?

"त्यांची एक मी घेतली ना."

मी त्यांना समजावलं की एक किडनी दिल्याने कॅल्शियम चढत नाही. तुमचा यात काही संबंध नाही. त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही. मग मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, यांना घरी कुठली औषधं चालू होती?

"औषधं मलाच हायत. त्यांना काय नाय. ते आपले ताकदीचं घेतात."

"ताकदीचं म्हणजे काय?"

"व्हिटॅमिन. मी सकाली माझ्या गोल्या घेते तवा तेपन घेतात. बाजूला बसून. म्हनतात, तुला एकटीला कडू नको लागाया."

किडनी बदललेल्या माणसाला आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवायची असते. त्या गोळ्या ठरलेल्या वेळी घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. सुमनताई सकाळ-संध्याकाळ त्या घेत आणि मढवी सोबत म्हणून शेजारी बसून आपल्या घेत. घरात ते कोणालाच औषध वाटत नव्हतं. मढवींनाही नाही. म्हणून मला "एक पन नाय" हे उत्तर मिळालं होतं, आणि त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

त्यांचा मुलगा एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर काम करतो. त्याला फोन करून, वडील जे जे घेतात ते सगळं घरून आणायला सांगितलं. तासाभरात तो कापडी पिशवी घेऊन आला. मी बाकावर एकेक मांडलं. कॅल्शियमच्या गोळ्या. कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या कॅप्सूल. मल्टिव्हिटॅमिन. आणि व्हिटॅमिन डीच्या पुड्या, दुधात घालून घ्यायच्या. साठ हजार युनिटच्या.

साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. तीही काही आठवडे, डॉक्टरने सांगितलं तर.

"ही कधी घेतात?"

"रोज दुधात. नुसतं दूध घेत नाय, ही घालून घेतात."

"रोज? कधीपासून?"

सुमनताईंनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, गणपतीच्या आधीपासून असेल. म्हणजे सात-आठ महिने.

मी पुडी घेऊन आत गेले. किडनीच्या डॉक्टरांनी ती उलटसुलट करून बघितली आणि स्कॅन थांबवून व्हिटॅमिन डीची तपासणी लिहिली. रिपोर्ट आला तेव्हा आकडा नव्हताच. लॅबचं यंत्र जिथवर मोजतं त्याच्या वर, एवढंच लिहून आलं. ग्रंथीची तपासणीही ठीक आली. गाठ नव्हती, कॅन्सर नव्हता. जे होतं ते दुधातून आलं होतं.

इथे थोडं समजावून सांगते. व्हिटॅमिन सी किंवा बी जरा जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डीचं तसं नाही. ते चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं. त्याचं काम अन्नातलं कॅल्शियम रक्तात ओढून घेण्याचं. ते गरजेपुरतं असलं तर हाडं मजबूत होतात. फार झालं तर रक्तात कॅल्शियमचा पूर येतो, आणि मढवी तर वरून कॅल्शियमच्या गोळ्याही घेत होते. किडनी ते बाहेर टाकायला धडपडते, सोबत पाणी जातं, म्हणून तहान लागते. आतडं सुस्तावतं, स्नायू ढिले पडतात, डोक्यावर झापड येते. आणि किडनी हळूहळू थकते.

उपचार त्यामानाने साधे होते. सगळ्या पुड्या आणि गोळ्या बंद. सलाइन. कॅल्शियम उतरवणारं एक इंजेक्शन. थोडे दिवस स्टिरॉइड. पण साठलेलं व्हिटॅमिन आठवड्यात निघत नाही, त्याला महिने लागतात. आणि किडनी कितपत सावरेल, हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हतं. सुमनताईंना तेही सांगावं लागलं. त्या ऐकून घेत राहिल्या, मग उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

चार दिवसांनी मढवी बोलण्यासारखे झाले. मी गेले तेव्हा उशीला टेकून बसले होते. शेट्ये आधीच आलेले, शहाळं घेऊन. मढवींच्या काउंटरवर बदली माणूस न मागता शेट्ये स्वतः उभे राहत होते, हे मला नंतर कळलं. मी आल्यावर ते उठून बाहेर गेले.

मी मढवींना रागावणार नव्हते. रागावलेला पेशंट पुढच्या वेळी लपवतो. मी विचारलं, रोज का घ्यायला लागलात?

त्यांनी सांगितलं ते असं. गुडघे दुखत होते म्हणून घणसोलीच्या एका डॉक्टरने दोन महिने आठवड्याला एक पुडी दिली होती. फरक पडला. कोर्स संपला तरी ते मेडिकलमधून आणत राहिले, कोणी अडवलं नाही. मग गणपतीच्या आधी गावात तापाची साथ आली. शेजारच्या घरातले काका तापातून न्यूमोनिया होऊन गेले. सुमनताईंना डॉक्टरांनी कायम बजावलं होतं की तुम्हाला साधा तापही महागात पडेल, घरात आजार येऊ देऊ नका.

"आता घरात आनणारा कोन? मीच ना," मढवी म्हणाले. "कंपनीत येवढी मान्सं. मुलगा तिकडं मार्केटात. ती तर घरातच असते. मी म्हटलं, आपुन आजारी पडायचंच नाय. आठवड्याला घेऊन येवढा फरक पडतो, तर रोज घेतली तर ताप जवल येनार नाय."

"आणि फ्लूची लस? मागच्या वर्षी आपण कॅम्प लावला होता."

ते थोडे संकोचले. सुमनताई खुर्चीत बसल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "मी घेते दरवर्षी. माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय. ह्यांना पन घ्या म्हनाले होते. ह्यांनी नाय घेतली."

मढवींच्या ओळखीच्या एकाला लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी ताप आला होता. त्यावरून त्यांचा समज झाला की लस म्हणजे थोडासा फ्लू अंगात सोडतात. तो आपल्या अंगातून बायकोला लागला तर काय? म्हणून त्यांनी लस टाळली आणि पुड्या वाढवल्या. दोन्ही गोष्टी बायकोसाठी. दोन्ही उलट्या.

एवढा जीव लावून केलेली चूक मी फारशी बघितलेली नाही.

मग मी त्यांना समजावलं. फ्लूच्या टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. ते बघून शरीर तयारी करतं, त्या तयारीत दंड दुखतो, कधी अंग कसकसतं, एक-दोन दिवसांत जातं. ते दुसऱ्याला लागत नाही. सुमनताईंची प्रतिकारशक्ती दाबलेली आहे, त्यामुळे लस घेऊनही त्यांना पूर्ण संरक्षण मिळेलच असं नाही. म्हणून त्यांच्या आसपासच्यांनी घ्यायची, म्हणजे आजार त्यांच्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमी होते. विषाणू बदलत राहतो, म्हणून दरवर्षी घ्यायची.

मढवींनी सगळं ऐकलं.

"म्हंजे जे घ्यायचं ते नाय घेतलं, आन जे नाय घ्यायचं ते घेतलं."

"तुम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

सुमनताई म्हणाल्या, "तुमची ती एक किडनी तुमची येकट्याची नाय. तिच्यावर माझा पन हक्क हाय. मला विचारल्याबिगर काय खायाचं नाय."

मढवी पहिल्यांदा हसले.

जाताना मी मढवींकडे एक परवानगी मागितली. कंपनीत हेल्थ वीकची मीटिंग आहे. तुमचं नाव न घेता ही गोष्ट सांगू का? पेशंटची माहिती डॉक्टरने बाहेर काढायची नसते. ते म्हणाले, "सांगा. नाव घेऊन सांगा. नायतर दारू पितो म्हनतात ते तसंच राहील."

मीटिंगला प्लांट हेड होते, अनघा होत्या, शेट्ये होते आणि मी. टेबलावर तो किट होता. प्लांट हेडनी मला विचारलं, लस घेतली तर माणसाला सर्दी होणारच नाही का?

"होईल," मी म्हटलं. "सर्दी शंभर कारणांनी होते. ही लस फक्त फ्लूसाठी आहे. फ्लूही होऊ शकतो, पण झाला तर माणूस हॉस्पिटलात जाण्याची शक्यता बरीच कमी."

"मग किटचं काय? व्हिटॅमिननेही फायदाच होतो ना?"

मी किटमधली पुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. तीच साठ हजार युनिटची. वर लहान अक्षरांत आठवड्याला एक असं छापलेलं होतं. मी म्हटलं, आपण ही इतक्या घरांत पाठवणार. कोणाची आधीच चालू असेल, कोणी दोन्ही घेईल, कोणी म्हाताऱ्या आईला देईल. ज्याच्यात डी कमी आहे त्याला मी रक्त तपासून, डोस ठरवून देईन, ते माझं काम आहे. पण न तपासता सगळ्यांना खोक्यातून देणं मला जमणार नाही. मग मी मढवींचं सांगितलं, त्यांच्या परवानगीने, नाव घेऊन.

शेट्ये खाली मान घालून म्हणाले, "आणि मी त्यांना अनफिट लिहून मागत होतो."

मी म्हटलं, तुम्ही त्यांना माझ्याकडे आणलंत म्हणून कळलं. नुसतं गप्प बसला असतात तर महिन्याभराने वेगळी बातमी आली असती. आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते.

अनघांनी किट परत पाठवले. त्यांना वाईट वाटलं होतं, कारण त्यांनी तो किट खरोखर लोकांना आवडेल म्हणूनच निवडला होता. पण त्या हार मानणाऱ्यातल्या नाहीत. मला म्हणाल्या, कॅम्प करायचा तर या वेळी माणसं यायला हवीत, त्याचं बघा. आम्ही दोन गोष्टी बदलल्या. कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगारांनाही घेतलं, आदल्या वर्षी ते वगळले गेले होते. आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस, गरोदर बाई, डायबेटिसचा किंवा दम्याचा पेशंट किंवा असं कोणी नाजूक आहे त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं. ज्यांना आधी कुठल्या लसीची जबरदस्त अ‍ॅलर्जी झाली आहे किंवा त्या दिवशी ताप आहे त्यांना मी स्वतः तपासून थांबवत होते.

मढवी तोपर्यंत घरी आले होते, कामावर आले नव्हते. किडनीच्या डॉक्टरांनी लसीला हो म्हटलं होतं. ते कॅम्पला आले, मुलाला घेऊन आले. सुमनताई गर्दीत येणार नव्हत्या, त्यांनी आपल्या हॉस्पिटलमध्ये घेतली. मढवींनी दंडाला कापूस दाबून धरला आणि रांगेतल्या लोकांना आपली गोष्ट सांगत उभे राहिले. माझं भाषण कोणी ऐकलं नसतं. त्यांचं ऐकलं. काही जणांनी खिशातून, बॅगेतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून मला विचारायला सुरुवात केली, ही घेऊ का, ही बंद करू का. त्या दिवशी लस टोचण्यापेक्षा पट्ट्या वाचण्यातच माझा जास्त वेळ गेला.

मढवींचं कॅल्शियम ताळ्यावर यायला पावसाळा उलटला. क्रिएटिनिन खाली आलं, पण आधी होतं तिथवर नाही. त्यांची किडनी आता पूर्वीपेक्षा थोडी कमी काम करते, आणि ते तसंच राहील. दर तीन महिन्यांनी तपासणी, वेदनाशामक गोळ्या पूर्ण वर्ज्य, पाणी भरपूर. मी "फिट, अटींसह" असं लिहिलं आणि ते स्टोअरमध्ये परतले. ड्रम देताना लेबल दोनदा वाचतात. शेट्ये तिसऱ्यांदा वाचतात. त्या वर्षी मढवींच्या घरात एकालाही मोठा ताप आला नाही. ते लसीमुळे की नशिबाने, हे मी सांगू शकत नाही, आणि त्यांना तसं सांगितलंही.

आता कोणी मला विचारलं, फ्लूची लस घेऊ का, व्हिटॅमिन सुरू करू का, तर मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी विचारते, घरी कोण कोण असतं? मग विचारते, दिवसभरात काय काय गिळता, औषध म्हणून नाही, तब्येतीसाठी म्हणून? एवढं सांगून होईपर्यंत बहुतेकांना स्वतःचं उत्तर सापडलेलं असतं. उरलेल्यांचं मी रक्त तपासते.